दोन टिंबं

अर्जाचा साचा माझ्याकडं तयारच असतो.
नाव बदलायचं, गाव बदलायचं,
बाकी दुःख बहुतेक
मागच्या अर्जातलंच चालतं.
पानाला चाळीस रुपये.
लातूरच्या कोर्टाच्या भिंतीला टेकून माझं पत्र्याचं खोकं,
लाईट गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर गेला की चहा.

नरसिंग ग्यानोबा मस्के, वय सव्वीस वर्षे,
धंदा :

इथं बोट थांबलं.
डाळमिलचा असो, जिनिंगचा असो, सूतगिरणीचा असो,
या दोन टिंबांपुढं वीस वर्षं मी
न बघता 'नोकरी' लिहीत आले.
नोकरी गेलेल्यालासुद्धा 'नोकरी'च.
"काय लिहू रे?"
"ते तर भागीदार म्हणतेत, बाई."

सोनटक्के वकील म्हणाले, कामगार लिहा.
पुढं ते सिद्ध करण्यात दहा वर्षं जातील, जाऊ द्या.
नव्या कायद्यात याची व्याख्या आहे म्हणून
चष्मा वर करून त्यांनी अर्थ सांगितला :
मालक-नोकर या जुन्या नात्याच्या
बाहेर राहून कमावणारा.
नरसिंगनं हेल्मेट एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.
"बाहेर म्हंजे कुठं, साहेब?"

मग मी हकिकत टाईप केली.
खाडगाव रोडची होस्टेलं, रात्रीचे अकरा,
डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना
तेव्हाच भूक लागते.
नंदी स्टॉपला वळताना गाडी घसरली,
मनगट मोडलं, दालफ्राय रस्त्यावर.
पडल्या पडल्या फोननं विचारलं, उशीर का?
खाली चार कारणं दिली होती.
हात मोडला, हे त्यांत नव्हतं.
डाव्या अंगठ्यानं त्यानं 'इतर' दाबलं.
तिसऱ्या दिवशी आयडी बंद.

ग्यानोबा बाकड्याच्या टोकाला बसलेला,
आखडून, जणू जागेचं भाडं लागेल.
औसा तालुक्यात सव्वीस वर्षं सालगडी.
पाडव्याला साल ठरायचं, दोन माणसांसमोर :
अकरा हजार, सहा पोती ज्वारी,
एक घोंगडं, पायतणाचा जोड.
कागद नाही, सही नाही.
"लई सोसलं, बाई. बैलाला इसावा हुता, मला नव्हता.
चांगलं हुतं म्हणत नाही मी.
पण शिव्या देणारं तोंड दिसायचं.
पाटील आजारी पडला तर मलाच कळायचं आधी.
हे पोरगं काम करलालंय, अन्
कुणासाठी करलालंय ते त्यालाच ठाव नाही."

मी ऐकत होते. पण खरं सांगायचं तर
मनात वेगळंच चाललं होतं :
लेकीच्या शाळेच्या फॉर्मवर
आईचा व्यवसाय म्हणून मी काय लिहिलं होतं?
घरकाम.
या खोक्यात वीस वर्षं बसून, घरकाम.

कंपनीचं उत्तर दोन महिन्यांनी आलं,
दूरच्या शहरातून, गुळगुळीत कागदावर, इंग्रजीत, नऊ पानं.
सोनटक्क्यांनी एका ओळीत सांगितलं :
हा आमचा कुणी नाही.
"मग बंद कुणाला केलं?" नरसिंग म्हणाला.
वकिलांनी ते वाक्य
पुन्हा म्हणायला लावलं आणि
डायरीत उतरवून घेतलं.

कोर्टानं मुद्दे काढले.
मुद्दा क्रमांक एक : अर्जदार हा कामगार आहे काय?
त्यासमोर 'होय' किंवा 'नाही'साठी
एक रिकामा रकाना.
मोडलेल्या हाताचा मुद्दा चौथा.
पहिला नाही झाला तर चौथ्यापर्यंत
जायचंच कारण नाही.

तेवढ्यात नरसिंगचा फोन वाजला.
मेव्हण्याच्या नावानं दुसऱ्या कंपनीची आयडी चालवतोय,
सिग्नल कॅम्पहून दोन बिर्याणी.
नकाशावर दोन टिंबं, इथून तिथं.
वाकडं मनगट हँडलला अडकवून तो गेला.
चाळीसची नोट माझ्या कीबोर्डवर, घामानं ओली.

पुढची तारीख म्हाताऱ्यानं घेतली.
मला वाचायला दिली.
पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.
पहिल्यांदाच हसला, दात नसलेलं :
"म्हंजे यंदा पोराचं साल
कोर्टाकडं धरलं म्हणा."