बोंडू

तिचं नाव आइनो. गावाने ते जिभेला जमेल तसं वळवलं:
आयनाबाई.
ती जिथली, तिथे समुद्र गोठतो म्हणे,
माणसं त्यावरून चालत पलीकडच्या बेटावर जातात.
हे ऐकून दाजी खोबरेकर म्हणाला, "मगे जाळी खंय टाकतत?"
आल्यापासून तो पहिल्यांदाच काही बोलला होता.
अठरावा दिवस.

घर वेंगुर्ल्याच्या अलीकडे, काजूच्या भरडावर.
दारावर क्रूस, त्याखाली चपला, नऊ जोड.
चाव्या माझ्याकडे. दहा वर्षांपूर्वी
मला याच दारात गोणीसारखं उतरवलं होतं;
जहाजावरची नोकरी गेली होती, पुढचे दोन दात गेले होते.
आई अजून विचारते, "इनासा, थंय सायबिणीची मूर्त कशी नाय रे?"

रविवारच्या पेल्यात वाइन नाही.
कोकमाचं आगळ, पाणी घालून.
सावंतवाडीहून येणारे पाळक गोर्डे
पहिल्या घोटाला डोळे मिटतात, ते भक्तीने की आंबटाने,
मला अजून कळलेलं नाही.

एप्रिल अवघड.
दुपारी वारा पडला की झाडाखाली बोंडू फुटतात
आणि वास सरळ उशीपर्यंत येतो.
बी आम्ही विकतो. त्यावर दूध, वीजबिल, दाजीच्या यकृताच्या गोळ्या.
बोंडवांचं काय करायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.
तिच्या देशात फळाला एवढी घाई नसते.

बाबुली गवंडे डबे घेऊन आला, टेम्पो चालूच ठेवून.
"बाय, फुकट कुजान जातले. डब्याक चाळीस रुपये दितंय.
भट्टी तुमच्या हद्दीपलीकडे, पाप माझ्या नावार."

तिने वही उघडली. कौलांचे बाकी, पंपाचे बाकी.
रात्री जेवताना सगळ्यांपुढे विचारलं,
"हा बोंडू विकायची की नाही?"
एरवी हसले असते. सोलकढीत भात कालवत राहिले.
प्रसन्न हर्डीकर, पूर्वी इंजिनिअर, म्हणाला,
बोंडू म्हणजे दारू नव्हे बाई, तांत्रिकदृष्ट्या.
दाजीने ताट सरकवलं.
"त्याच भट्टीर माका न्हेवक माझो झील येय.
सात वर्सांचो. बॅटरी घेवन."

रात्रीच खड्डा खणला. खाली जांभा, कुदळ नुसती नाचते.
टोपलीमागून टोपली ओतली, वर चुना, वर माती.
प्रसन्नने चिकट हात तोंडाजवळ नेले.
मी पाहिलं,
आणि मी पाहिलं हे त्याने पाहिलं.
मग विहिरीवर तो कितीतरी वेळ हात धूत राहिला.

पहाटे दाराशी आठ जोड.

आयनाबाई खड्ड्याच्या कडेला बसलेली.
तिने सांगितलं, म्हणजे बरंचसं मीच जुळवलं:
तिचा भाऊ बाटल्या बर्फात पुरायचा.
उन्हं आली, बर्फ वितळला, की अंगणभर वर यायच्या,
काही रिकाम्या, काही सीलबंद,
आणि आई टोपली घेऊन वेचायची,
आपल्या बायका बोंडू वेचतात तशी.
"आणि भाऊ?"
तिने समुद्राकडे हात केला.
गोठलेला की वाहता, ते मी विचारलं नाही.

आज वहीत तिचं अक्षर:
बी, सत्तेचाळीस किलो. चुना, एक पिशवी. कुदळीचा दांडा, नवा.
प्रसन्नच्या नावापुढे काहीच नाही, रेघसुद्धा नाही.
त्याचं ताट मी पालथं घातलं होतं,
तिने येऊन उताणं केलं.

नऊच्या सुमारास फाटकाशी टेम्पो थांबला.
इंजिन या वेळी बंद.
"इनासा," बाबुली अंधारातून म्हणाला,
"डब्यांमदी एक माणूस निजलोसा. तुमचोच मां?"
मी चाव्या शोधत होतो.
दाजी उठला,
खुंटीवरची बॅटरी घेऊन पुढे झाला.