बर्फाला रकाना होता

वूचमधल्या त्या बंद पडलेल्या सूतगिरणीत
शुक्रवारचा हिशेब मी लिहायचो.
बर्फ, दोनशे झ्लॉटी.
धुराच्या यंत्राचं तेल, नव्वद.
झीमोवितचं मानधन, त्याची गाडी, त्याचं हॉटेल,
त्याला लागतात ते सहा पांढरे टॉवेल.
बोग्नाला रकाना नव्हता.
ती 'इतर'मध्येही नव्हती.
तिला बिअरची दोन कुपनं मिळत.
ती बिअर पीत नसे.

ती यायची दुपारी चारला,
पोस्टरवर ज्यांची नावं असत ते झोपेतून उठायच्या आधी.
शिडी स्वतःची.
पडदा म्हणजे तिनेच जोडून शिवलेल्या तीन चादरी,
कधीकाळी पट्टे फिरवणाऱ्या लोखंडी आकड्यांना अडकवलेल्या.
मग प्रोजेक्टर, मग वायरी,
मग वायरींवर चिकटपट्टी,
नाचणारं कुणी अडखळू नये म्हणून.
तिचं टेबल खांबामागे, संडासाच्या वाटेवर.
रात्रभर लोक तिला विचारत, टॉयलेट कुठंय?
ती डाव्या हाताने दाखवायची,
उजवा बटणांवर.

आणि वर भिंतीभर नदी.
गिरण्यांनी जमिनीखाली गाडलेली आमच्या शहराची नदी
तिने कुठल्याशा झाकणाच्या फटीतून टिपली होती.
ती ठोक्याला फुटायची, ठोक्याला सांधली जायची.
तिच्यावर काचेच्या ताटलीतले रंग:
तेल, शाई, थोडं बीटाचं पाणी.
लोक म्हणायचे, काय वाजवतो हा झीमोवित!
डोळे भिंतीला लावून म्हणायचे.

एकदा मीच तिला म्हणालो
(लिहायला लाज वाटते, पण हिशेबात खाडाखोड करू नये),
अगं, इथे तुझं नाव होईल.
ती म्हणाली, नाव आहे मला.
दिवा संपत आलाय, त्याचे पैसे नाहीत.

नोव्हेंबरात दिवा गेला.
आवाजही झाला नाही.
एक चाळीसला भिंत नुसती भिंत झाली,
विटांची, ओल आलेली.
संगीत चालूच होतं.
पण झीमोवितचा हात चुकला. पुन्हा चुकला.
त्याने कानावरचं उतरवून खांबाकडे पाहिलं,
तेव्हा मला कळलं,
इतके महिने हा तिच्या मागून चालत होता.

पहाटे व्हॅनच्या बॉनेटवर
त्याने आपल्या नोटा मोजल्या, अर्ध्या तिच्याकडे सरकवल्या.
तिने त्या परत सरकवल्या.
बक्षीस नको.
बर्फाला तुम्ही बक्षीस देता का?
मग माझ्याकडे वळून: वही आण.

थंडीने बोटं वळत नव्हती. रेघ वाकडी आली.
बोग्ना शेलाँग, मी लिहिलं.
शेलाँग म्हणजे आमच्याकडचं जुनं, कवडीमोलाचं नाणं.
मला हसू आलं. तिला नाही आलं.
ती सांगत गेली, मी उतरवत गेलो:
मानधन. दर दोन हजार तासांनी दिवा.
शिडी धरायला माणूस. रात्रीचं गरम जेवण.
टेबल समोर, जिथून भिंत दिसते.
कुणी चित्रण करून विकलं तर त्यावर नाव, त्यात वाटा.

सही करायला मालकाने तीन आठवडे घेतले.
तिन्ही शुक्रवारी भिंत विटांचीच राहिली
आणि तिन्ही शुक्रवारी झीमोवितला ताप आला.

आता पोस्टरवर तिचं नाव असतं.
पहिल्याच पोस्टरवर एक अक्षर चुकलं.
तिने फूटपट्टी लावून उंची मोजली,
झीमोवितच्या नावाइतकीच भरली.
चालेल, म्हणाली, पुढच्या वेळी नीट छापा.

खांबामागची जागा रिकामी झाली,
तिथे माझं गल्ल्याचं टेबल आलं.
हिशेब लिहिता लिहिता
मी डाव्या हाताने दाखवतो,
तिकडे, सरळ, मग उजवीकडे.