सरकीचं पोट

दोन दिवस झाले, सरकीचं पोट वाहतंय.
गव्हाच्या पोत्यामागं, शिलाई मशीनखाली,
आज तर ह्यांच्या उधारीच्या वहीवर.

उदगीरच्या जनावरांच्या दवाखान्यात
डॉक्टर म्हणाला, दूध बंद.
उकडलेली कोंबडी द्या. बिनमिठाची. थोडी थोडी.

रिक्षात आम्ही बोललो नाही.
आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नाही.

मऊ भात दिला. हुंगला,
आणि माझ्याकडं बघत बसली,
आता डोळेच मोठे दिसायलेत तिचे.

दिवेलागणीला हे डबा घेऊन निघाले.
खुर्शीदबीच्या दारात म्हणे बराच वेळ नुसतेच उभे होते.
तिनंच हातातला डबा घेतला.

रात्री परसात, बल्बखाली,
गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत सरकवून
हे बोटांनी धागे सोडवत होते,
शेवग्याची शेंग सोलावी तसे.
एक घास. थांबायचं. अजून एक.
मी नळापाशी साबणाची नवी वडी ठेवून आले,
वास कसला ते विचारलं नाही.

सकाळी राखेच्या ढिगापाशी
ह्यांनी मोठ्यानं हाक मारली :
अगं ये, बघ, घट्ट झालीय!
विभूतीचं बोट कपाळाशी तसंच धरून
मी बघायला धावले.