टप्पा

बदलीचा कागद शहाद्याच्या डेपोत आला
तेव्हा मी दोंडाईच्याच्या गाडीवर होते.
परतले, हिशोब भरला, पिशवी झटकली,
मग वाचला : धुळे, एक जूनपासून.
नवरा म्हणाला, मोटारी कुठेही जळतात,
मी कुठेही वायंडिंग करीन. तू खोली बघ.

चौधरी अण्णांनी सात खोल्या दाखवल्या.
नकाणे रोडला फरशी अशी की पाय टेकवायला संकोच व्हावा,
साक्री रोडला गच्ची, गच्चीवर पत्र्याचं शेड,
"आणि ताई, पाणी आठव्या दिवशी, पण येतं धो धो."
मी प्रत्येक दारात एकच विचारलं,
इथली सरकारी शाळा कुठली?
अण्णांनी पेन कानावर ठेवला.
"सरकारी? अहो, व्हॅन येते ना दारात,
पिवळी. टाय लावून नेते पोरांना."
व्हॅनचं भाडं विचारलं, फीही विचारली,
उभ्या उभ्या बेरीज केली, गर्दीत करते तशी.
तेवढे सुट्टे नव्हते.

एप्रिलात सकाळची शाळा. साप्ताहिक सुट्टी बदलून घेतली
आणि हर्षालीचा हात धरून निघाले.
शाळा कशी बघायची ते मला कुणी शिकवलेलं नाही.
मी गाडी बघते तशी बघितली :
आधी टायर, मग दार,
मग संकटकाळी बाहेर पडायची खिडकी खरंच उघडते का.

म्हणजे, मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का.
नळ किती उंच.
फळ्यावरची तारीख आजची की परवाची.
पटावर एकतीस, तर बसलेत किती.

पहिल्या शाळेची भिंत नवीकोरी,
आगगाडी रंगवलेली, डब्याडब्यात पाढे.
आत टीव्हीवर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर धूळ,
धुळीत बोटाने कुणीतरी 'आई' लिहिलेलं.
हर्षाली म्हणाली, "पानी पेवाले जाऊ का?"
सर हसले. वाईट नाही हसले.
"बाळा, इथे शुद्ध बोलायचं."
ती गप्प झाली.
रिक्षात मी बाटली पुढे केली तर म्हणाली, तहान नाही.

दुसरी वलवाडीकडे, पिठाच्या गिरणीमागे.
गाव शहरात गेलं, शाळा अजून जिल्हा परिषदेची.
व्हरांड्यात एक पत्रा वाऱ्याने वाजत होता.
कडी होती. कडी म्हणजे वाकवलेला खिळा,
पण मी आत जाऊन लावून पाहिली, लागत होती.
तारीख आजची.
बोरसे बाई खडूच्या हातानेच पुढे आल्या.
"तुनं नाव काय शे?"
पोरीने आधी माझ्याकडे पाहिलं
आणि मग थांबलीच नाही : नाव, आडनाव,
धाकट्या कुंदनचे पडलेले दात, बापाच्या दुकानातली तांब्याची तार,
आणि सकाळपासून लागलेली तहान.
बाईंनी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं,
पानी पेवाले जाऊ का?
पाणी प्यायला जाऊ का?
"दोन्ही तुझी. कुठे कोणती, ते बघू आपण हळूहळू.
आता पळ."

ती गेल्यावर मी विचारलं,
"बाई, तुमची बदली कधी?"
त्यांनी माझ्या खांद्यावरचा बिल्ला पाहिला.
बदलीवाल्या माणसाला बदलीवाला माणूस कळतो.
"दोन वर्षं धरा. मग संगणक म्हणेल तिकडे."
दोन वर्षं. हर्षालीची तिसरी, चौथी.
कुंदनचं काय, हे मी तिथे विचारलं नाही,
अजूनही स्वतःला विचारत असते, रात्रीच्या शेवटच्या फेरीला.

गिरणीला लागूनच एक खोली होती.
भिंतीवर पिठाचा थर, ओट्याला खिडकी नाही,
दुपारभर घरघर.
अण्णा म्हणाले, "ताई, सात सोडून ही?"
मी अनामत मोजली, दहा-दहाच्या नोटा,
अकरा महिन्यांच्या करारावर सही केली.
पलीकडे शाळेच्या नळाला
हर्षाली ओंजळ लावून पीत होती,
कोपरातून पाणी गळत होतं, फ्रॉक भिजत होता.
गाडी सुटायला अवकाश होता. मी घंटी मारली नाही.