एकतीस चौकटी

डबे सापडले तारामुंबरीला, आंब्याच्या अढीत.
दाऊद होडेकरच्या नातवाने पेंढा बाजूला सारला
आणि म्हणाला, वास सांभाळा.
हापूसचा नव्हता तो.
शिरक्याचा होता, नाकाच्या शेंड्याला चावणारा.
फिल्म मरते ती अशीच:
आधी आंबते, मग आकसते,
मग स्वतःभोवतीच वळत जाते
वाळूवर विसरलेल्या सुक्या बांगड्यासारखी.

अकरा डबे. सातव्यात नुसती भुकटी.
नवव्यात कुणीतरी गळ ठेवलेले,
गंजून एकमेकांत अडकलेले.
आणि दाऊदची वही, घाईच्या अक्षरात:
तंबू, तीन खेळ. वारा फार. पडदा दोनदा फाटला.
रीळ चार तुटले. लोक ओरडले. जोडले.
मग एका ठिकाणी, तारखेशिवाय:
रीळ चार कापले. एकतीस चौकटी. जानकीला दिल्या.
एवढंच. पुढे डिझेलचा हिशेब.

चौदा महिने मी त्या चित्रपटात राहिले.
बुरशी पुसली, भोकांच्या फाटक्या कडा सांधल्या.
नायिकेच्या गालावरचा एक ओरखडा
अख्खा श्रावण खाऊन गेला.
सातवं रीळ चेन्नईच्या एका गोदामातून मिळालं,
दुसऱ्या कुणाच्या तरी नावाच्या डब्यात.
आवाजातली करकर काढली, तेव्हा
मागची गाजही निघून गेली.
समुद्र हा दोष आहे
असं यंत्राला वाटलं होतं.
ती परत आणून घातली, हाताने.

पण चौथ्या रिळात उडी होती.
होडी किनारा सोडते,
आणि लगेच नायक घरात, कपडे कोरडे.
सव्वा सेकंद. कुणाला कळलंही नसतं.

जानकी कोयंडेने ती पट्टी काढली
धाकूच्या तंबाखूच्या डबीतून.
शूटिंगवाल्यांनी होडी भाड्याने घेतली, वल्हवायला तोच.
पुढच्या नारळी पुनवेनंतर तीच होडी
रिकामी आली.
पट्टी लवचीक होती अजून, काचेसारखी स्वच्छ.
मी विचारलं, काय करता हिला?
"काय करूचा? सकाळी उघडतंय. बघतंय. झाकतंय."
डब्यांत कोंडलेलं सगळं कुजलं होतं.
हिला रोज वारा लागला होता.
"परत हाडून देशात मां?" तिने विचारलं.
तीनदा विचारलं.

शिमग्याच्या आधी, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर
आम्ही तो लावला.
पोरं बाकड्यांवर, बायका जाळ्यांच्या ढिगांवर,
मागे कुणीतरी नायकाच्या मिशीला हसत होतं.
"ता बघ, पालवांचा खळा!"
"खुळा काय? ता तर बंदर!"
जानकी पुढच्या खुर्चीत,
परत दिलेली पट्टी मुठीत.
तंबूतल्या खेळाला ती कधी गेलीच नव्हती,
चार आणे म्हणजे एका वेळचं मीठ-तांदूळ.
तिला तो एकतीस वेळा ठाऊक होता,
एकदाही हललेला नव्हता.

होडी सुटली.
धाकूने वल्हं दाबलं, खांदा उचलला,
मान वळवून मागे पाहिलं.
मग नायक घरात.

"माजी पापणी लवली गो," ती म्हणाली. "परत लाय."
आता रीळ नाही, मशीन तापत नाही,
बोटाने मागे नेता येतं.
मी नेलं.
पूर्वी तुटलं की आरडाओरड व्हायची म्हणे.
आज कुणी बोललं नाही,
मिशीला हसणाराही नाही.
पुन्हा खांदा. पुन्हा मान.
पुन्हा एकदा.

तिसऱ्यांदा पाहून तिने विचारलं,
"आणि तो बघता कोणाक?"
कॅमेऱ्याच्या मागे त्या दिवशी
अर्धं गाव उभं होतं म्हणतात.
मी तेवढं सांगितलं.
तिने डबीचं झाकण लावलं.
"मी नव्हतंय थंय. मी बाजाराक गेल्लंय."
मग पदराने नाक पुसत,
"चलू दे फुडे."