आज काय?

शिलाई मशिनं दुरुस्त करतो मी. घर डिचोलीत.
पेटीत तेलाची बाटली, सुया, चार बॉबिनं,
एक चामड्याचा पट्टा, आणि केळीच्या पानात चपाती-भाजी.
नारव्याहून दिवाडीची फेरी सातला सुटते,
म्हणजे सव्वासातला.

फेरीत मला इंजिनाजवळची जागा लागते.
तिथला पत्रा थरथरतो, पोटऱ्यांना गुदगुल्या होतात,
साठी जवळ आली तरी होतात.
शेजारी पदेराची सायकल.
टोपलीवरचं निळं प्लास्टिक त्यानं जरा उचललं
की उंड्यांचा गरम वास डिझेलमध्ये शिरतो
आणि अर्धी नदी तसाच सोबत येतो.

पलीकडे मानशीपाशी थांबायचं.
ओहोटीचं पाणी फळ्यांमधून घुरघुरतं.
एक बगळा तिथं रोज उभा,
सरकारी नोकरीत कायम झाल्यासारखा.

प्रुदेंसबायचं मशीन वर्षातून तीनदा बिघडतं.
बिघडत नाही. पट्टा ती स्वतःच काढून ठेवते.
मी पाच मिनिटांचं काम अर्धा तास पुरवतो,
ती बाल्कांवात बशी आणून ठेवते, दोसाची एक वडी,
आणि कोण लिस्बनला गेलं, कोण परत आलं, सगळं सांगते.
चाक फिरलं की टाळी वाजवते.
एकच.

संध्याकाळी दारात चप्पल काढतोय तोवर
सुकांती विचारते, आज काय?
पैशांचं नाही विचारत,
पैसे तिला माझ्या पावलांवरून कळतात.
मी सांगतो,
फेरीत एकानं गाय आणली होती,
ती सगळा वेळ नदीकडे पाठ करून उभी राहिली.
खाजनात कुणाची तरी टोपी तरंगत होती, तिच्यावर चतुर.
एका पोरानं रस्ता विचारला, मी चुकीचा सांगितला,
तो माझ्याहून चुकीचा गेला
आणि पोचला.

कधी काहीच नसतं सांगायला.
मग मी म्हणतो, पाणमांजर.
कांदळवनाच्या कडेला. डुबकन गेलं.
सुकांतीचा हात खोबऱ्यावर थांबत नाही.
‘पाणी कुठल्या बाजूला उडालं?’
‘डाव्या.’
‘मागच्या खेपेला उजव्या बाजूला उडालं होतं.’
आम्ही हसत नाही.
हसलो तर पुढच्या वेळी काय करायचं?

परवा मीच विचारलं, तुझं काय आज?
बत्तीस वर्षांत कसं कोण जाणे, राहूनच गेलं होतं.
ती जरा गप्प. मग म्हणाली,
‘तीन वाजता मागल्या खिडकीतून ऊन येतं,
आगळाच्या बाटलीतून जातं,
समोरच्या भिंतीवर तांबडा डाग पडतो, तळव्याएवढा.
हळूहळू वर सरकतो. कॅलेंडरवर चढतो.
मंगळवारातून मागे सोमवारात जातो,
रविवार गाठायच्या आत विझतो.’
‘रोज?’
‘बाटली अर्धी असते तेव्हाच.
भरलेल्या बाटलीतून ऊन जात नाही.’

आज मी फेरीला गेलो नाही.
पेटीची कडी तुटली म्हणालो.
तिनं कडीकडे पाहिलं, धड होती,
आणि बांगडे दोन जास्त घेतले.

हुमण-भात झाला. तीनला आम्ही दोघं
भिंतीकडे तोंड करून बसलो,
पाहुणे यायचे असल्यासारखे.
तेवढ्यात ढग आला.
शेजारच्या उल्हासानं पंप सुरू केला, बंद केला.
एक पाल कॅलेंडरवरून गुरुवार ओलांडून गेली.
ढग काही हलेना.
‘पाणमांजर आलं असेल वर,’ मी म्हणालो.
‘कुठल्या बाजूनं?’
आणि यावेळी मात्र तीच आधी हसली.

रात्री सोलकढी करताना
तिनं आगळाची बाटली दिव्यासमोर धरली,
एक डोळा मिटून पाहिलं,
आणि अर्धाच चमचा ओतला.
कढी फिकी झाली.
मी दोन वाट्या प्यालो.