सारख्या

रविवार पेठेत आमचं दुकान:
दहा बाय आठ, एक ओंडका, दोन सुरे.
"गुंडूमामा, नळी जास्तीची टाका,"
आणि कलेजी वेगळी बांधून, बाळंतिणीला.
नळी कुठली, काळीज कुठलं,
एवढं शरीरशास्त्र मला
अंकलिपीच्या आधी येत होतं.

आता कसबा बावड्यात, दुसऱ्या मजल्यावर,
सदतीस अंशांच्या कपाटात
मी मगज सांभाळते,
कुणाच्यातरी कमरेच्या हाडातून ओढलेला,
बशीच्या तळाला धरून राहिलेला.
दर तीन दिवसांनी जुनं गुलाबी पाणी काढायचं,
नवं घालायचं, त्यात सुईच्या टोकाएवढा निरोप:
हाड विसरा.
काही ऐकतात.
काही चरबी होऊन बसतात, लोण्याच्या थेंबांनी फुगून.
काही तरंगत वर येतात.
त्या मी मोजते आणि फेकते.

अकराव्या दिवशी लांबट होत्या,
ओढ्यातल्या मासोळ्यांगत एका दिशेनं निघालेल्या.
अठराव्या दिवशी थांबल्या.
कोपरे फुटले त्यांना,
शहाबादी फरशीसारख्या एकमेकींना लागून बसल्या.
मी वहीत लिहिलं: यकृतपेशी.
पडवळे मॅडमनी लाल पेनानं मध्ये घुसडलं: सदृश.

घरी आबांना सांगितलं.
सुरी धारेला लावत म्हणाले, "सदृश म्हंजे?"
सारख्या.
"आगं, बोकडासारखं म्हणून बोलाई इकली
तर पेठेत तोंड दावाय जागा ऱ्हाईल काय?
काम करत्यात का, तेवढं बघ."

बघितलं. एकविसाव्या दिवशी रंग घातला.
जांभळट गुलाबी उमटलं पेशीपेशीत:
साखर साठवायला लागल्या होत्या.
बाहेर उसाच्या ट्रॉल्या,
मळीचा वास बंद खिडकीलाही न जुमानता आत,
आणि मी भिंगाला डोळा लावून
एकटीच हसत.

तळमजल्यावर, खाट नंबर नऊ.
त्याची बायको जिन्यात गाठते,
पिवळ्या पडलेल्या उशीचा अभ्रा काखेत धरून:
"वर तुम्ही काळीज करता म्हणं?"
काळजासारखं, म्हणते मी,
आणि तो शब्द पायरीवर तसाच पडून राहतो.
बशीत दहा लाख आहेत.
तिला अब्जांनी लागतील.

रात्री आबांचा फोन. "किती भरलं?"
आबा, काट्यावर दिसतसुद्धा नाही.
पलीकडे ओंडक्यावर एक घाव पडला,
मग जरा वेळानं दुसरा.
"बरं. उद्या पाणी बदलाय इसरू नगंस."